आज कुणीच न घेतलेलं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले गावप्रमुख सन्माननीय बावू साहेब, शाळेच्या मुख्याध्यापिका आदरणीय संजीद बाई, पशुपालक संघाचे प्रमुख खुनबिश काका, व्यासपीठावर मधोमध बसलेले आजचे सत्कारमूर्ती माझे गुरुजी, वसतिगृहातल्या मावश्या, लांबच्या छावण्यांवरून घोडी आणि मोटारसायकली दामटत आलेले पालक, माझे सहकारी, आणि खिडकीत चढून बसलेल्या नववीच्या मुलांनो, सर्वांना माझा नमस्कार. मुलांनो, पडू नका.

एका प्रश्नाने सुरुवात करते. ख्यातद म्हणजे काय?

मला उत्तर येत नाही. इतिहासाची पदवी घेऊन आले आहे, आमच्या घरातून तिथवर पोचलेली मी पहिलीच, आणि तरी येत नाही. तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? चीनला आपण ख्यातद म्हणतो, चिनी माणसालाही ख्यातद म्हणतो, संपलं. पण मूळचा हा शब्द त्यांचा नव्हे. तूल नदीच्या वळणावर ज्या मातीच्या भिंती अजून उभ्या आहेत, ज्यांच्या आडोशाला आपण वाऱ्याच्या दिवसांत कोकरं नेऊन ठेवतो, त्या बांधणाऱ्या लोकांचा हा शब्द. खितान लोकांचा. हजार वर्षांपूर्वी इथे त्यांचं राज्य होतं. मग ते गेले. कुठे गेले, कुणात मिसळले, यावर पुस्तकं अजून भांडतात. शब्द तेवढा मागे राहिला. माळावर रिकामं खोगीर सापडलं की माणूस ते जवळच्या घोड्यावर टाकून बघतो, तसा आपल्या लोकांनी तो दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांवर टाकला. रशियनांनीही तोच उचलला, पार पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांनीही आपापल्या जिभेला वळवून तोच नेला. पण खुद्द खितान लोकांच्या तोंडी त्याचा अर्थ काय होता? कुणी पोलाद म्हणतं, कुणी कापणं म्हणतं. गुरुजी फळ्यावर तो शब्द लिहायचे आणि शेजारी भलंमोठं प्रश्नचिन्ह काढायचे. आम्ही वहीत उतरवून घ्यायचो, प्रश्नचिन्हासकट.

मागून कुणीतरी म्हणालं, "विषयावर ये." येते. विषयावरच आहे.

या कार्यक्रमासाठी मला बोलावलं तेव्हा संजीद बाईंनी प्रेमाने सांगितलं होतं, "दहा मिनिटं बोल. गुरुजींच्या शिकवण्यावर बोल. फक्त नावाचा विषय नको, नदीचा नको, आणि दोल्गोर बाईंचा तर अजिबात नको." मी म्हटलं, "बाई, मग राहिलं काय?" बाई म्हणाल्या, "वक्तशीरपणा."

तर गुरुजी अत्यंत वक्तशीर होते. उणे चाळीसमध्येही पहिल्या घंटेला वर्गात असायचे. टाळ्या वाजवा, कारण हे खरं आहे.

माझ्या आधी जे मान्यवर बोलले त्या सगळ्यांनी गुरुजींचा गौरव केला. त्यांच्या गळ्यात मानाची निळी रेशमी पट्टी, खदग, घातली, हातात दुधाची चांदीची वाटी दिली. मागच्या कापडावर सुंदर अक्षरात लिहिलं आहे, "आदरणीय गुरुजींना निरोप". पण तासाभरात एकानेही त्यांचं नाव घेतलं नाही. मोठ्यांचं नाव तोंडावर घेऊ नये ही आपली रीत आहे, मलाही घरी तेच शिकवलंय. म्हणून मी आज सकाळी गुरुजींची परवानगी घेऊन आले. ते म्हणाले, "घे बाई. वापरायला म्हणूनच आईबापांनी दिलंय."

आजचे सत्कारमूर्ती, शार्खूंचे चिरंजीव, ख्यातद.

हेच नाव बाजारात, रस्त्यावर, हाडकांच्या शगाई खेळात आपण शिवीसारखं दिवसातून किती वेळा घेतो? बुटाचा तळ सुटला, ख्यातद. बॅटरी तासात संपली, ख्यातद. कुणी हाडकाचा डाव लबाडीने पलटला, ख्यातद. शाळेच्या ओसरीत असं कुणी ओरडलं की गुरुजी वर्गाच्या दारातून डोकं बाहेर काढायचे. "बोलावलंस का रे?" ओरडणारा जो पळायचा, तो थेट घोडे बांधायच्या खांबापाशी थांबायचा. आम्ही पोट धरून हसायचो. तेही हसायचे. त्यांना त्याचं काय वाटत होतं, ते विचारण्याचं वय आमचं नव्हतं.

एकदा मात्र मी विचारलं होतं. दरवर्षी शरदात ते सहावीला त्या भिंतींकडे घेऊन जायचे. वारा इतका असायचा की त्यांना हातवारे करूनच शिकवावं लागायचं. त्यांनी विचारलं, "ही भिंत कुणाची?" सगळे एका सुरात, "चंगेज खानाची!" गुरुजी म्हणाले, "चंगेजच्या आजोबांच्या आजोबांना या भिंतीच्या आत पाय ठेवायचा तर दारावरच्या शिपायाला विचारावं लागलं असतं. ही खितानांची." आणि मग शब्दाची ती सगळी हकिगत. मी बोट वर केलं. "गुरुजी, म्हणजे तुम्ही त्यांच्यातले?"

"मी? मी शार्खूचा. माझ्या आधी आईची तीन बाळं गेली. चौथ्या वेळी म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं, याला असं नाव दे की यमाला हे मूल या घरातलं वाटू नये. तर बापाने माझ्या कानात तीनदा सांगितलं, ख्यातद, ख्यातद, ख्यातद. यम दाराशी आला आणि त्याने विचारलं, मूल कुठाय? तर घरच्यांनी म्हणायचं, इथे मूल नाही, एक परका माणूस उतरलाय." मग ते म्हणाले, "यम जरा भोळा असावा. मला अजून नेलं नाही त्याने."

या सभागृहात ही रीत कुणाला समजावून सांगायची? पुढच्या रांगेत एनेबिश आजी बसल्या आहेत, 'ही नव्हे' असं ज्यांचं नाव. दूध वाटायला उभे आहेत ते नेरगुई दादा, 'बिननावाचे'. आणि आपले खुनबिश काका. 'माणूस नव्हे'. काका, तुमच्या आईने तुम्हाला जगवायला ते नाव ठेवलं, आणि तुम्ही जगलात, संघाचे प्रमुख झालात. तुम्हाला माणूस नव्हे म्हणून आजवर कुणी वागवलं नाही. बरोबर ना?

मग नदीचं झालं. संजीद बाई, माफ करा, नदीवरून गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वरच्या अंगाला खाण सुरू झाली त्याला तीन वर्षं झाली. कंपनी चिनी आहे, हे खरं. पाणी पिवळं झालं, हे खरं. त्या वसंतात आपल्या शिंगरांचे पाय वाकडे निघाले, मेंढ्या गाभडल्या, आमच्या मावशीने अर्धा कळप पुरला, हेही खरं. अर्ज केले, उत्तर आलं नाही. कुंपणापर्यंत गेलो, तर कुंपणापलीकडून आपल्याच भाषेत एक पोरगा म्हणाला, "साहेब नाहीत." साहेब कधीच नव्हते. ज्याच्यावर रागवायचं तो माणूसच दिसत नव्हता, आणि राग तर रोज वाढत होता. मीही त्या रागात होते. माझ्याही घशाखाली तेच पाणी जात होतं.

मग गाव खिंडीतल्या ओवोपाशी जमलं. दगडांच्या राशीभोवती तीन फेऱ्या घातल्या, दूध शिंपडलं आणि डोंगराला साक्ष ठेवून शपथ घेतली. शब्द खुनबिश काकांनी सांगितले आणि आपण सगळे मागून बोललो: यापुढे आमच्या गाडीत ख्यातद बसणार नाही, आमच्या चुलीवर ख्यातदचा चहा उकळणार नाही, आमच्या विहिरीचं पाणी ख्यातदला मिळणार नाही.

गुरुजी त्या गर्दीत होते. शपथेच्या आधी ते पुढे झाले. म्हणाले, "शपथ घ्या. मीही घेतो. पण शब्द बदला. कंपनी म्हणा, खाण म्हणा. माणसांच्या नावाने शपथ घेऊ नका. असा शब्द कुठे जाऊन बसेल ते आपल्या हातात राहत नाही."

खुनबिश काका म्हणाले, "गुरुजी, शाळा सुटली."

काय हसलो आपण. डोंगर दणाणला. गुरुजीही हसले आणि मागे सरकले. मात्र शपथ त्यांनी घेतली नाही. ती कशी घेणार होते?

काका, कृपया बसा. दूध अजून सगळ्यांपर्यंत आलेलं नाही. आणि अध्यक्ष महाराज, घंटी मला ऐकू आली. थोडा वेळ द्या.

तुम्हाला वाटेल, यानंतर गाव गुरुजींच्या अंगावर धावून गेलं असेल. तसं काही झालं नाही. आपण वाईट माणसं नाही, एवढंच झालं की त्यांच्या दारावरून जाताना लोक जरा लांबून जायला लागले. दुकानात त्यांच्या हातात पीठ देताना सोंदुई बाई आधी रस्त्याकडे बघून घ्यायच्या. श्वेत महिन्याच्या, नव्या वर्षाच्या सणाला त्यांच्याकडे मटण भरलेले बूझ खायला आम्ही चारच जणी गेलो. दोल्गोर बाईंनी शंभरेक वाफवून ठेवले होते. त्या म्हणाल्या, "खा गं मुलींनो, नाहीतर मला हे उन्हाळ्यापर्यंत पुरतील." त्यांना सगळं कळत होतं.

दोल्गोर बाई कोण, हे या गावात सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण आज त्यांचंही नाव कुणी घेतलं नाही. गुरुजींच्या पत्नी, वसतिगृहाच्या बाई. मेंढपाळांची मुलं सहाव्या वर्षी आईला सोडून शाळेत यायची. त्यांच्या डोक्यातल्या उवा त्यांनी काढल्या, वेण्या त्यांनी घातल्या, रात्री ओली झालेली अंथरुणं कुणाला कळू न देता त्यांनी वाळवली. या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांची अंथरुणं. तुम्ही आता माना खाली घातल्यात, पण त्या बाईंनी तुमच्यापैकी एकाचंही नाव कधी फोडलं नाही.

फेब्रुवारीत, सणानंतरच्या आठवड्यात, सकाळपासून त्यांच्या पोटात कळा होत्या. दवाखान्याच्या डॉक्टर लूझील बाई इथे बसल्या आहेत. त्यांनी तपासून सांगितलं, "अपेंडिक्स आहे, फुटायच्या बेतात. माझ्याकडे ऑपरेशनची सोय नाही. बुलगानच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." दवाखान्याची गाडी दुरुस्तीला राजधानीत होती, बुलगानची गाडी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला बाळंतिणीसाठी गेलेली. उरले गावातले गाडीवाले, आपलेच. गुरुजी टोपी न घालता घराबाहेर पडले.

चोइजिल दादा म्हणाले, "टायर बसलाय, गुरुजी. पंपच सापडेना." गाल्सनदादांच्या घरी वहिनींनी दार न उघडता सांगितलं, "ते घरी नाहीत." आतून ते खोकले. मग गुरुजी खुनबिश काकांकडे गेले. काकांनी निदान खोटं सांगितलं नाही. ते म्हणाले, "माझं तुमच्याशी काही वाकडं नाही. पण डोंगरापुढे बोलून बसलोय. आता डोंगराला काय सांगू, हा आमच्यातलाच ख्यातद आहे?"

गुरुजी म्हणाले, "सांगून तर बघ."

शहरातले लोक हे ऐकून हसतील. मी हसत नाही. मीही याच गावात वाढले. यमाला नावाने फसवता येतं यावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांना डोंगर नाव ऐकतो याची धास्ती वाटणारच. आपल्या आयांनी नावांच्या जोरावर मुलं जगवली. तोच जोर उलटा फिरेल, ही भीती मी समजू शकते. निदान समजू शकत होते.

शेवटचं घर आमचं. माझे वडील गोंगोर, ती राखाडी रशियन गाडी चालवणारे. तिसऱ्या रांगेत कडेला बसले आहेत. मी त्या आठवड्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राजधानीत होते, तेव्हा यातलं काहीच मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, मागाहून ऐकलेलं सांगते. बाबा नुकतेच फेरी करून आले होते. इंजिन गोठू नये म्हणून बॉनेटवर जाड लोकरी घोंगडं टाकलेलं, आणि घोंगड्यातून वाफ निघत होती. बाबा म्हणाले, "गाडी बंद आहे, गुरुजी. थंडीने पकडलीय." गुरुजींनी हातमोजा काढला. घोंगड्याखाली हात घातला. थोडा वेळ हात तसाच ठेवला, शेकल्यासारखा. मग हातमोजा चढवला आणि "बरं" म्हणून निघून गेले.

त्यांनी वसतिगृहाची पाणी आणायची घसरगाडी घेतली. पिंपं उतरवली, घोडा जुंपला, दोल्गोर बाईंना कातड्यांत गुंडाळून आडवं केलं. लूझील डॉक्टर सोबत निघाल्या, सबंध रस्ता चालत. खिंडीच्या अलीकडे बाई गेल्या. जिथे आपण दूध शिंपडलं होतं त्या दगडांच्या खालच्या अंगाला. गुरुजींनी घोडा वळवला.

मार्चमध्ये बुलगानहून चौकशीला माणूस आला. तो चांगला होता, घरोघरी विचारत फिरला. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण सांगितलं. गाडीचं कारण गावाने सांगितलं, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं: कडाक्याच्या थंडीमुळे त्या दिवशी गावात एकही गाडी सुरू होत नव्हती. त्याने ते लिहून घेतलं, चहा घेतला, गेला. प्रकरण मिटलं.

अध्यक्ष महाराज, आपण म्हणताय हा निरोपाचा कार्यक्रम आहे. मीही तेच धरून चालले आहे. निरोप देताना माणूस का जातोय हे विचारू नये का? गुरुजींचं घर इथे आहे, आईवडिलांची हाडं इथल्या टेकडीवर आहेत. चाकरी संपली म्हणून गाव सोडून गेलेला एक तरी शिक्षक आपल्याला आठवतो का? दार्खान शहरात भाच्याकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते काय करणार आहेत?

मे महिन्यात मी त्यांना पुस्तकं बांधायला मदत करायला गेले होते. म्हटलं, "गुरुजी, जाऊ नका. लोक विसरतील."

"तीच तर भीती आहे," ते म्हणाले.

"तुम्ही तक्रार करा. मी लिहून देते."

"कुणाची तक्रार करू? चोइजिलला मी पाढे शिकवलेत. गाल्सनला दोनदा नापास केलं आणि तिसऱ्यांदा पास केलं. मला कुणाला शिक्षा नकोय गं. भरपाईही नको." त्यांनी सुतळीची गाठ मारली, ती सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली. "त्या कागदावर लिहिलंय की गाडी नव्हती. दोल्गोर गाडीअभावी गेली, थंडीने गेली. उद्या तिच्याबद्दल कुणी वाचेल तर हेच वाचेल. गाडी होती, एवढं कुणीतरी म्हणावं. एवढंच. मी म्हणून उपयोग नाही, मी नवरा. ज्याला माहीत आहे त्याने म्हणावं."

"कुणाला माहीत आहे?"

"एका गाडीचं बॉनेट गरम होतं," ते म्हणाले. "कुणाची ते विचारू नकोस."

त्यांनी मला विचारू नकोस म्हटलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते कुणा परक्या माणसाला वाचवत नव्हते. मला वाचवत होते.

घरी विचारायचा धीर व्हायला मला बरेच दिवस लागले. तीन दिवसांपूर्वी मी शाळेतून घरी आले. बाबा गाडीखाली आडवे पडून काहीतरी आवळत होते. मी बाहेरूनच विचारलं, "बाबा, त्या दिवशी गाडी सुरू होत होती?"

पाना थांबला. मग आतून आवाज आला, "होत होती."

"डोंगराला घाबरलात?"

ते सरपटत बाहेर आले. फडक्याला हात पुसत बसले. म्हणाले, "सगळे तसंच म्हणतात. डोंगराला घाबरलो. मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण खरं सांगू? गुरुजी 'बरं' म्हणून फाटकाबाहेर पडले तेव्हा मी डोंगराकडे बघितलंच नाही. मी शेजाऱ्यांच्या खिडक्या बघितल्या. कोण बघतंय का, ते." मग म्हणाले, "लहानपणी माझ्या डोक्याला गोचीड चिकटली होती. दोल्गोर बाईंनी दातांनी काढली ती. चिमटा सापडेना म्हणून."

मंडळी, इतके दिवस मी शपथ, शब्द, डोंगर यांचा विचार करत होते. एवढा अभ्यास केलाय, म्हणून सगळ्याचं मूळ एखाद्या जुन्या शब्दात सापडेल असं मला वाटत होतं. ते सोपं पडलं असतं. शब्दावर खापर फुटलं की माणसं सुटतात. पण त्या दुपारी या गावात एकाही माणसाला गुरुजी कोण आहेत याबद्दल शंका नव्हती. शार्खूंचा मुलगा कोण, दोल्गोर बाई कोण, सगळ्यांना ठाऊक होतं. ख्यातद हा शब्द कुणालाही फसवू शकला नाही. तो फक्त हाताशी होता.

मी बाबांना म्हटलं, "मला हे सांगावं लागेल."

"कुणाला?"

"बुलगानला जाऊन. लेखी."

"मग मला इथे कोण राहू देईल? खुनबिश आपली जनावरं कुरणात येऊ देईल? तुझी नोकरी राहील?" ते पुन्हा म्हणाले, "या गाडीवर तुला शिकवलं मी."

"माहीत आहे, बाबा."

"म्हणून विचारतोय. याच्यासाठी शिकवलं का?"

मला रडू आलं. मी म्हटलं, "मला नाही माहीत कशासाठी शिकवलंत. पण शिकले."

त्या रात्री आईने चहा ठेवला, तो कुणी घेतला नाही. सकाळी मी बुलगानला कुणाची गाडी मिळते का बघायला निघाले, तर राखाडी गाडी दाराशी उभी, इंजिन चालू. बाबा खिडकीतून म्हणाले, "चालत जाणार आहेस काय? बस." खिंडीत ओवो आला. प्रत्येक ड्रायव्हर तिथे तीनदा भोंगा वाजवतो. बाबांनी वाजवला नाही. त्यांनी गाडी थांबवली, उतरले, उताराच्या त्या बाजूला थोडं चालत गेले आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी गाडीतच बसून राहिले. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तीन तासांचा रस्ता आहे. त्या दिवशी बर्फही नव्हता फारसा."

काकांनी खुर्ची मागे सरकवली आहे. त्यांना जायचं असेल तर जाऊ द्या. कुणालाही इथे अडवून ठेवलेलं नाही.

गुरुजी, तुम्ही मला विचारू नकोस म्हणाला होतात. पहिल्यांदाच मी तुमचं ऐकलं नाही. तुमच्याकडून इतकं शिकले, पण गप्प कसं राहायचं ते काही तुम्ही शिकवलं नाही. उद्या सकाळी तुम्ही दार्खानला जाल. मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही. मेमध्ये म्हटलं होतं, तेव्हा मला पुरतं माहीत नव्हतं. आता या गावात राहा असं तुम्हाला सांगायला माझी जीभ उचलत नाही. भिंतींकडे मुलांना मी नेईन. फळ्यावर तो शब्द लिहीन, शेजारी प्रश्नचिन्ह काढीन. आणि वर्गात कुणी विचारलंच, की या नावाचं कुणी आपल्यात होतं का, तर सांगेन: होते, आणि त्यांनी आम्हाला वाचायला शिकवलं.

बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि संजीद बाईंचे आभार. दहा मिनिटांची मर्यादा मी पाळली नाही, बाई. गुरुजींचा वक्तशीरपणा माझ्यात उतरला नाही. आपण सर्वांनी, न आवडणारं ऐकतानाही, बसून ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. वयाने आणि मानाने मी या व्यासपीठावरच्या सगळ्यांपेक्षा लहान आहे. बोलताना कुठे आवाज चढला असेल, कुठे आदर कमी पडला असेल, तर गावची मुलगी म्हणून पोटात घाला.

जबाबातल्या शब्दांसाठी मात्र मी माफी मागत नाही. त्या दिवशी गावात गाडी होती, ती सुरू होत होती आणि ती माझ्या वडिलांची होती, असं त्यात आहे. परवा दुपारी बुलगानला तो दोनदा वाचून, खाली माझं आणि बाबांचं पूर्ण नाव घालून, मी सही करून दिला आहे.